कमी चाललेली गाडी

जुनी गाडी बघायला गेलो की मी आधी काही बोलत नाही. तिच्या बॉनेटवर तळहात ठेवतो. गॅरेजच्या काउंटरवर बसून लोकांच्या तक्रारी ऐकता ऐकता लागलेली ही सवय. गार इंजिन खरे बोलते. रात्रभर विसावलेले, अंगातले तेल तळाशी उतरलेले इंजिन किल्ली फिरवल्याबरोबर पहिल्या काही श्वासांतच आपली सारी दुखणी सांगून टाकते. तापलेले इंजिन मात्र पाहुण्यांसमोर बसलेल्या घरासारखे असते. जे काही बिनसले असेल ते आतल्या खोलीत ढकलून गोड बोलते. म्हणून मी विकणाऱ्याला फोनवरच विनवून ठेवतो, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.

त्या दुपारी मी हात ठेवला आणि लगेच उचलला.

"ऊन असेल," बाबा म्हणाले.

गाडी पत्र्याच्या शेडखाली, दाट सावलीत उभी होती. ते बाबांनाही दिसत होते.

आम्हाला गाडी का हवी होती, हे सांगायला हवे. आईला आठवड्यातून तीनदा पहाटे डायलिसिसला न्यावे लागे. त्या वेळी भाड्याची गाडी येते म्हणते आणि येत नाही. म्हणून गॅरेजच्या मालकांनी आपली एक गाडी तेवढ्या फेऱ्यांपुरती माझ्या हवाली केली होती, पण मी त्यांच्याकडे नोकरीला असेपर्यंतच. आणि मला आता दुसरीकडे बोलावणे आले होते. दूरच्या शहरातल्या एका कंपनीत इंजिनांचे आवाज ऐकण्याचे काम होते. तिथे भिंतींना स्पंज लावलेली एक खोली आहे. दार लावले की स्वतःच्या छातीतली धडधडसुद्धा ऐकू येते, असे मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सांगितले. चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, अशा माणसाला ती खोली कशी वाटली असेल, हे मी कुणाला समजावू शकलो नाही. फोरमन मला थट्टेने 'कानसेन' म्हणत. ती थट्टा खरी मानणारे कुणीतरी भेटले होते. पुढच्या सोमवारी हजर व्हायचे होते.

बाबांनी उभा जन्म कारखान्याची व्हॅन चालवली होती. छातीचे दुखणे झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला परवानगी दिली, पण ढकलायला, चाक बदलायला सक्त मनाई केली. तेव्हा गोष्ट सरळ होती. वाटेत दगा न देणारी गाडी मिळाली, तर आईला बाबा नेऊ शकत होते आणि मी जाऊ शकत होतो. दगा देणारी मिळाली, तर पहाटेच्या निर्मनुष्य रस्त्यावर, मागच्या सीटवर आई असताना, तिला ढकलणार कोण? मी. त्यासाठी मी इथेच असायला हवा.

म्हणजे त्या दुपारी परीक्षा गाडीची होती आणि पास झाली असती तर सुटका माझी. असा परीक्षक कुणी नेमू नये. आधीच्या सगळ्या गाड्या मीच नापास केल्या होत्या. "तुझ्या कानाला एकही उतरायची नाही," असे म्हणून बाबांनी मध्यंतरी माझ्याशी बोलणे टाकले होते. ही गाडी त्यांनी स्वतः शोधली. औषधांच्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी होती: 'गाडी विकणे आहे. फार कमी चाललेली.' निघताना आई पडल्या पडल्या एवढेच म्हणाली, "रंग कसलाही चालेल रे. पायरी उंच नको."

शेडच्या आतल्या दारातून गाडीच्या मालकीणबाई बाहेर आल्या. त्या शिवणकाम करीत. गळ्यात मोजपट्टी होती आणि ओठांत टाचणी. टाचणी काढून त्यांनी मनगटावरच्या छोट्या गादीत खोचली, मग बोलल्या.

"हात भाजला का रे? आत्ताच वेळ झाली तिची."

"काकू, मी फोनवर म्हणालो होतो की…"

"म्हणाला होतास. पण तू येणार म्हणून तिला उपाशी ठेवू?"

बाबा मोकळे हसले. "रोज सुरू करता, ताई?"

"रोज म्हणजे रोज, भाऊ. माझी गोळी चुकते एखादे वेळी, हिची वेळ चुकत नाही."

"बघ!" बाबा माझ्याकडे वळले. "ह्याला म्हणतात सांभाळणं."

दोष झाकण्यासाठी गाडी तापवून ठेवणारा माणूस इतक्या सहज ते कबूल करत नाही. माझा संशय तिथेच विरघळला. खरे तर त्याच क्षणी मी पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: रोज सुरू करता, आणि जाता कुठे? पण काही प्रश्न आपण विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला नको असते.

"सुरू कर तुझी तपासणी," बाबा म्हणाले, आणि काकूंना सांगू लागले, "आधी नाडी बघतो, मग जीभ. औषध मात्र देत नाही कुणाला, नुसता नकार देतो."

मी गाडीभोवती फिरलो. रंग मावळत चाललेल्या संध्याकाळसारखा निळा, कुठेही ठोकल्याची खूण नाही. टायरांच्या नक्ष्या जशाच्या तशा होत्या, पण कडांना कोरड्या ओठांसारख्या चिरा पडल्या होत्या. पुढचे आसन नव्यासारखे ताठ. क्लच आणि ब्रेकच्या पायपट्ट्यांवरचे रबर जेमतेम झिजलेले. किलोमीटरचा आकडा खरोखर कमी होता, आणि झीज त्याला दुजोरा देत होती. फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती. मागच्या आसनाची डावी बाजू खोल दबली होती. काकूंनी शिवलेल्या फुलाफुलांच्या कव्हराखालीही तो खळगा लपत नव्हता. गाडी कमी चालली असेल, तर तिथे इतका वेळ कोण बसले होते?

मी गोणपाट पसरून गाडीखाली शिरलो. जमिनीवर पाठ टेकून, नाकापासून वीतभर अंतरावर लोखंड असताना मला नेहमी जे वाटते तेच वाटले: की इथून आता कुणीही मला बाहेर ओढू नये आणि इथून मी ताबडतोब बाहेर पडावे. सायलेन्सरला बोट लावले तर गंजाची खपली डोळ्यांवर पडली. तो बाहेरून गंजलेला नव्हता, आतून कुजत आला होता; सांध्याशी ओल होती. सायलेन्सर काय, बदलता येतो, असे मी स्वतःला सांगितले. गिऱ्हाइकांना गप्प करण्यासाठी आमच्या काउंटरवर हेच वाक्य वापरतात.

तेवढ्यात पुढच्या बाजूला बाबांचे बूट दिसले. बॉनेट उघडल्याचा आवाज आला, आणि मग एक बारीक करकर. ऑइलचे झाकण फिरल्याची.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही रे. बघतोय. मी पण आयुष्यभर गाड्याच चालवल्यात, विमानं नाही."

मी बाहेर आलो, हात पुसले आणि तेच झाकण उघडले. गाडीच्या तपासणीत मला याच क्षणाची सर्वांत जास्त धास्ती असते. इंजिनात पाणी साठून तेलात घोटले गेले, की झाकणाच्या आतल्या अंगाला पिवळट, सायीसारखा लेप बसतो. तो दिसला की पुढे काही बघायचे नसते. आभार मानून घरी जायचे. आधीच्या दोन गाड्या त्यानेच घालवल्या होत्या.

झाकण स्वच्छ होते. इतके स्वच्छ, की त्या स्वच्छतेनेच मला थांबवायला हवे होते. तेलाची पट्टी काढून पाहिली तर पातळी खुणेच्या थोडी वर होती. कुणीतरी जास्त भरले असेल, मी म्हटले. मी त्या दुपारी किती गोष्टींचे वकीलपत्र घेतले होते, ते आता आठवले की कान गरम होतात.

"चालवून बघू?" बाबांनी विचारले. काकूंनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

चालवायची वेळ आली की मी मागे बसतो. पुढे बसणाऱ्याला इंजिन ऐकू येते, मागे बसणाऱ्याला गाडी. मी त्या डाव्या खळग्यात बसलो. तो माझ्या मापाचा नव्हता, तरी त्याने मला सामावून घेतले.

बाबांच्या हाताखाली स्टिअरिंग येऊन किती दिवस झाले होते! गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी वळवली, तेव्हा त्यांच्या मानेची मागची बाजू मला एकदम तरुण दिसली. ते काहीतरी गुणगुणू लागले. सरळ रस्त्यावर इंजिन मऊ चालत होते, झोपलेल्या मांजरासारखे. मग चढ आला. गाडी किंचित थबकली, जणू तिला रस्त्याला चढ असतो हे ठाऊकच नव्हते. आणि इंजिनाच्या आवाजाखालून एक बारीक टिकटिक वर आली, तेल वरपर्यंत पोचत नसले की येते तशी. मी मागच्या काचेतून पाहिले. आमच्या मागे पांढरी वाफ लोंबत होती.

"कशी वाटते?" बाबांनी आरशातून विचारले. त्यांचे डोळे रस्त्यावर नव्हते, माझ्यावर होते.

"चांगली," मी म्हणालो.

कोणत्याही जुन्या गाडीविषयी हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. बाबांचे गुणगुणणे थांबले. ते खूश होतील असे मला वाटले होते; ते फक्त समोर बघू लागले.

परत आल्यावर बाबा किल्ली घेऊन उतरले आणि शेडच्या पायरीशी काकूंजवळ जाऊन उभे राहिले. मी दाराची कडी ओढली. दार उघडले नाही. पुन्हा ओढली. सरकून उजव्या दाराशी गेलो, तेही तसेच. काच खाली करण्याचे दांडे दोन्ही दारांवरून काढून टाकलेले होते.

दुसरा कुणी काचेवर टकटक करून हसला असता. मला हाक मारता आली नाही. हाक मारणे मला लहानपणापासून जमत नाही. आपल्या आवाजाने सगळे वळून बघतील, असे वाटते. पुढच्या आसनांच्या मधून अंग चोरून पुढे जाता आले असते, आणि मी एक गुडघा तिकडे टाकलाही होता. पण तेवढ्यात पुढच्या उघड्या खिडकीतून माझा विषय ऐकू आला, आणि मी तसाच अवघडून थांबलो.

"बोलत नाही का हो तुमचा मुलगा?" काकू विचारत होत्या.

"बोलतो. गाड्यांशी."

"हुशार दिसतो."

"आहे ना. म्हणून तर दुसऱ्या गावाहून बोलावणं आलंय. पण आईला सोडून जाईना. तोंडानं म्हणत नाही काही, पण मला दिसतं. पहाटे उठून तिला नेतो, आणतो, मग कामावर जातो. ह्या वयात पोरं कुठं कुठं फिरतात! आम्हीच अडकवून ठेवलाय त्याला."

"मग गाडी घेतली तर जाईल?"

"जाईल का म्हणजे? धक्का मारून पाठवीन. डॉक्टरांनी गाडीला धक्का मारायला बंदी केलीय, मुलाला नाही."

काकू हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि पहाटेची कधी रस्त्यात बंद पडली तर?"

बाबांचे बूट पायरीवर घासल्याचा आवाज आला. ते मला दिसत नव्हते. मध्ये गाडीचे छत होते.

"ते माझं मी बघीन, ताई," ते म्हणाले.

माझ्या श्वासाने काच धुरकट झाली होती. मी तसाच, एक गुडघा पुढे आणि एक पाय मागे टाकून, वर्गातून पळून जाताना पकडलेल्या मुलासारखा बसून होतो. बाहेरच्या सगळ्या वस्तू, शिवणयंत्राचे चाक, दोरीवर टांगलेले अर्धवट शिवलेले सदरे, अगदी हाताशी होत्या आणि तरी दुसऱ्या कुणाच्या आयुष्यातल्या असाव्यात तशा दिसत होत्या.

"अगं बाई!" काकूंचे माझ्याकडे लक्ष गेले. त्या धावत आल्या आणि त्यांनी बाहेरून दार उघडले. "विसरलेच मी. मागचं दार आतून उघडत नाही. बिघाड नाही हो तो, मुद्दाम लावून घेतलंय."

"लहान मूल होतं का घरात?" बाबांनी विचारले.

"मूलच म्हणायचं." त्यांनी गळ्यातली मोजपट्टी सारखी केली. "आमचे हे. शेवटी शेवटी त्यांना काही आठवेनासं झालं. दुपार कलली की सुरू व्हायचं, 'चल, घरी जाऊ.' अहो, घरीच आहोत आपण! छे, ऐकतील तर शपथ. भाचा असायचा तेव्हा. तो गाडीतून चक्कर मारून आणायचा. एकदा ह्यांनी चालत्या गाडीचं दार उघडलं, तेव्हापासून हे असं करून घेतलं. मग भाचाही गेला परगावी. आणि मला गाडीतलं येतं काय? किल्ली फिरवायला. बस्स."

"मग?"

"मग काय, मी ह्यांना मागे बसवायची, त्या डाव्या बाजूला, आणि पुढे बसून गाडी नुसती सुरू करायची. इथंच. समोर ही भिंत. हे आपले खिडकीतून बघत बसायचे. 'बघ, पूल आला. आज गर्दी फार आहे गं. हळू ने.' मी म्हणायची, हळूच नेतेय. थोड्या वेळानं विचारायचे, 'पोचलो का?' मी म्हणायची, पोचलो. आणि बंद करायची. उतरले की इतके खूश! 'बरं झालं बाई, घरी आलो एकदाचे.'"

काकूंनी मागच्या आसनाचे कव्हर उगाच ओढून नीट केले.

"ते गेल्यावर वाटलं, आता कशाला. पण वेळ तर रोज होतेच ना. मी बसते पुढे. थोडा वेळ चालू ठेवते, मग बंद करते. म्हटलं, तेवढीच गाडी चांगली राहील."

आणि मला सगळे एकदम कळले. तापलेले बॉनेट, कोरी पायपट्टी, दबलेला खळगा, आतून कुजलेला सायलेन्सर. रोज सुरू होऊन जागेवरच थांबणारे इंजिन पुरते तापत नाही; त्याच्या आत दमट हवेचे पाणी होते आणि ते उडून जायला वाव मिळत नाही. रोज थोडे पाणी, थोडे न जळलेले पेट्रोल तेलात उतरत राहते. वर्षानुवर्षे असे झाले की तेल वंगण राहत नाही, नुसता चिखल होतो. एवढी वर्षे रोज धडधडणारी आणि एका जागीच असणारी ती गाडी बंद ठेवलेल्या गाडीपेक्षाही अधिक खराब झाली होती, आणि तेही मायेने. अशा इंजिनाच्या झाकणाखाली तो पिवळट लेप असायलाच हवा होता.

पण झाकण तर स्वच्छ होते.

मी बाबांकडे पाहिले. त्यांना घाम आला होता. खिशातून रुमाल काढून ते कपाळ पुसत होते, आणि रुमाल फिरेल तसा त्यांच्या कपाळावर एक पिवळट, सायीसारखा पट्टा उमटत होता.

"मग?" त्यांनी रुमाल घाईने खिशात कोंबला. आवाज मुद्दाम मोठा होता. "काय म्हणतोस? घ्यायची ना? चांगली आहे म्हणालास मघाशी."

मी खाली बघितले.

"अरे बोल ना. झाकण बघितलंस की नाही उघडून? स्वच्छ होतं का नाही?"

"स्वच्छ होतं."

"मग झालं तर!"

होय, एवढा एक शब्द म्हटला असता तर सोमवारी मी त्या स्पंजच्या खोलीत बसलो असतो. बाबांनी माझ्यासाठी दार उघडून ठेवले होते. मला माहीत नव्हते असे मी जन्मभर म्हणू शकलो असतो, इतकी सोय करून ठेवली होती. फक्त त्यांच्या कपाळाकडे न बघणे, एवढेच मला करायचे होते.

"बाबा," मी म्हणालो, "कपाळाला लागलंय तुमच्या."

त्यांचा हात वर गेला. त्यांनी बोटाकडे पाहिले, मग अंगठ्याने ते चोळले, आणि सगळ्या अंगातली हवा गेल्यासारखे पायरीवर बसले.

"लांब चालवली तर सुधारेलही एखादे वेळी," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तेल बदलून, साफ करून. तूच म्हणतोस ना, इंजिनाला चालवणं हेच औषध."

"सुधारेल कदाचित."

"मग?"

"आईला त्या कदाचितवर बसवायचं?"

त्यांनी बोट पँटला पुसले.

काकू आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "काय झालं? काही वाईट आहे का तिच्यात?"

मला बोलावे लागले. गॅरेजमध्ये मी रोज वाईट बातम्या सांगतो, पण तिथे मध्ये काउंटर असतो. मी शक्य तितक्या हळुवार सांगितले, की गाडी उभी ठेवून नुसती सुरू केली की आतून खराब होते. तेलात पाणी झाले आहे. यापुढे असे करू नका.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. हात आपोआप मनगटावरच्या गादीकडे गेला आणि त्या एक एक टाचणी खोल दाबू लागल्या.

"म्हणजे मीच खराब केली तिला."

"तसं नाही, काकू."

"तसंच आहे. बरं." शेवटची टाचणी दाबून त्यांनी विचारले, "मग दुपार कलल्यावर मी काय करू?"

त्या खरोखरच विचारत होत्या. औषध बंद करा म्हटल्यावर, मग दुसरे कोणते घेऊ, असे विचारावे तसे. बाबा पायरीवर, त्या दाराशी, मी मध्ये. आणि तिघांच्याही नजरेसमोर ती निळी गाडी, अजून कोमट असलेली.

"मी येईन," मी म्हणालो. "दर रविवारी. तेल बदलून घेऊ आधी. मग लांब फिरवून आणीन तुम्हाला. रोज नाही, पण खरी चालेल ती."

शब्द तोंडातून गेल्यावर ते किती लांबवर जातात, हे मला त्यांच्या नाही, बाबांच्या चेहऱ्यावरून कळले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. पुढच्या सोमवारनंतर इथे एकही रविवार माझा असणार नव्हता, आणि मी सगळेच देऊन बसलो होतो. ठरवले असे काही नव्हते. निर्णय घ्यायला मी घाबरतो, म्हणून बहुधा माझे निर्णय असेच, पाठीमागून येतात.

परतीच्या वाटेवर बाबा पुढे आणि मी मागे चालत होतो. बसथांब्याशी ते थांबले.

"एवढं झाकण पुसलं मी," ते म्हणाले, "आणि तू कपाळ बघत बसलास."

"दिसलं, बाबा."

"दिसलं! सगळं दिसलंच पाहिजे का माणसाला? गाढवा, मी तुला सोडवत होतो."

"माहितीये."

"काही माहीत नाही तुला." त्यांनी रुमाल काढला, त्याच्याकडे पाहिले आणि घडी उलटी करून पुन्हा खिशात ठेवला. बस येईपर्यंत आम्ही दोघेही रस्त्याकडे बघत राहिलो. बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

घरी शिरल्याबरोबर आईने आतून विचारले, "मग? पायरी कशी होती?"

"पायरी चांगली होती गं," बाबा म्हणाले. "अगदी तुझ्या मापाची."

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजच्या मागच्या बाजूला जाऊन कंपनीला फोन केला. बाई फार सभ्यपणे बोलल्या. थोडे थांबता येईल का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, जागा थांबत नसते, पण तुम्हाला शुभेच्छा. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथे रचलेल्या जुन्या टायरांच्या चळतीपाशी उभा होतो. मग आतून फोरमनची हाक आली, "कानसेन! ह्या गाडीला काय झालंय, ऐका जरा," आणि मी गेलो.

पहिल्या रविवारी तेल बदलले. जे बाहेर पडले ते तेल म्हणवत नव्हते. दुसऱ्या रविवारी काकू तयार होऊन शेडच्या दारात उभ्या होत्या. मी पुढचे दार उघडले, तर त्या मागे, डाव्या बाजूला जाऊन बसल्या. मागच्या दाराचे ते कुलूप काढून देऊ का, असे मी विचारले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तू आहेस ना उघडायला."

गावाबाहेर पडल्यावर रस्ता रुंद झाला. मी गाडीला वेग दिला. आधी ती कुरकुरली, मग चढावर थबकली, आणि बऱ्याच वेळाने, पूल ओलांडल्यावर, मला ऐकू आले की ती टिकटिक विरळ होते आहे. आरशात पाहिले. मागची वाफ नाहीशी झाली होती. इंजिन पहिल्यांदाच पुरते तापले होते. असेच चालवत राहिलो तर काही महिन्यांत ती आईला बसवण्याजोगीही होईल कदाचित. तोवर त्या स्पंजच्या खोलीत दुसरे कुणीतरी बसलेले असेल.

"बघ, केवढी झाडं आहेत इथं," काकू मागून म्हणत होत्या. "हा रस्ता मी पाहिलाच नव्हता रे."

पुढे फाटा होता. सरळ जाणाऱ्या रस्त्यावरच्या पाटीवर त्या दूरच्या शहराचे नाव लिहिलेले होते. टाकी भरलेली होती, रस्ता मोकळा होता, आणि गाडी इतकी सुरेल चालत होती की पायाला ब्रेककडे जायला वेळ लागला. मी गाडी कडेला घेतली. पाटीवरचे अक्षर न् अक्षर वाचता येत होते.

"थांबलास का?" काकूंनी डुलकीतून जागे होत विचारले. "पोचलो का?"

"पोचलो, काकू," मी म्हणालो, आणि मागून कुणी येत नाही ना ते बघून गाडी घराच्या दिशेला वळवली.